आयर्लंडच्या पाणंदी आणि आभाळातला वाटाड्या

आयरिश भाषेत रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात. या शब्दाच्या पोटात ‘बो’ म्हणजे गाय आहे. एका जुन्या आयरिश शब्दकोशात रस्त्याची रुंदीही गाईंवरूनच सांगितली आहे : एक गाय उभी आणि एक आडवी मावेल एवढी वाट म्हणजे बोहर. त्याचे धाकटे, लडिवाळ रूप ‘बोहरीन’, इंग्रजांच्या तोंडी ‘बोरीन’. दोन्ही बाजूंना दगडी गडगा किंवा काटेरी झुडपांचे कुंपण, मधोमध गवताची पट्टी, आणि एका वेळी एकच गाडी जाईल एवढी जागा. मराठीत हिला सरळ पाणंद म्हणावे. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना डिसेंबर २०१९ मध्ये वडिलांच्या गावी, मालवण तालुक्यातल्या वराडला, येऊन गेले. त्या मुलखातल्या जांभ्याच्या गडग्यांमधल्या वाटा आणि पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमारातल्या ग्रॅनाइटच्या गडग्यांमधल्या वाटा शेजारी ठेवल्या, तर पहिला फरक दगडाच्या रंगाचाच दिसेल.

बाईकवर आयर्लंड पाहायला निघालेल्या माणसाला या वाटांची ओढ असते. पुण्या-मुंबईहून येणारे हौशी रायडर आता आयर्लंडचे बेत आखतात. डब्लिनमध्ये आयटीत आणि रुग्णालयांत काम करणारी मराठी मंडळीही उन्हाळ्यात बाईक काढतात. तिकडेही आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवायचे असते, जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावर रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि अंतरे छोटी आहेत. प्रश्न उरतो तो निवडीचा. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सुमारे एक लाख किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यांपैकी ८० हजारांहून अधिक किलोमीटर स्थानिक, म्हणजे गावपातळीचे. एवढ्या जाळ्यातून सुंदर आणि बाईकला मानवणारी वाट उपग्रहाच्या मदतीने शोधता येते का, याचा हा आढावा.

आधी उपग्रहाकडे काय आहे ते पाहू. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपली वेळ व जागा सांगणारे संदेश सोडत राहतात. आपल्या हातातला यंत्रतुकडा ते फक्त ऐकतो आणि चार-पाच उपग्रहांपासूनच्या अंतरावरून स्वतःची जागा काढतो. नागरी वापराच्या संदेशात अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली. त्याआधी शंभरेक मीटरने चुकणारे ठिकाण एका रात्रीत वीसेक मीटरच्या आत आले. बाईकसाठीचे नेव्हिगेशन खऱ्या अर्थाने या निर्णयानंतर शक्य झाले. पुढे युरोपची गॅलिलिओ यंत्रणा डिसेंबर २०१६ पासून सेवेत आली. आता खोल खिंडीत किंवा झाडांच्या कमानीखालीही जागा सहसा चुकत नाही.

पण उपग्रहाला रस्ता ठाऊक नसतो. त्याला फक्त ठिकाण ठाऊक असते. रस्ता नकाशात असतो, आणि कोणता रस्ता ‘चांगला’ हे यंत्रातल्या गणितात असते. आयर्लंडमध्ये रायडर फसतो तो या दोन जागी.

हे गणित मुळात साधे आहे. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये ते प्रसिद्ध केले. प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याला एक किंमत द्यायची आणि किमतींची बेरीज सर्वांत कमी होईल तो मार्ग निवडायचा. किंमत मिनिटांत मोजली तर लवकरचा मार्ग मिळतो, मीटरमध्ये मोजली तर जवळचा. आता किंमत मिनिटांत मोजायची तर त्या तुकड्यावर वेग किती धरायचा? नकाशात बहुधा कायद्याची कमाल मर्यादा किंवा रस्त्याच्या दर्जावरून ठरवलेला अंदाज असतो. आयर्लंडमधल्या ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सरसकट मर्यादा ७ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ताशी ८० किलोमीटर होती. मधोमध गवत उगवलेल्या, वळणापलीकडे काही न दिसणाऱ्या पाणंदीलाही तीच. माणूस तिथे ३० ने जातो, पण ८० धरून बसलेल्या गणिताला पाणंदीतून ‘लवकर’ पोहोचता येते असे वाटते आणि पाहुणा कुणाच्या तरी गोठ्याशी जाऊन उभा राहतो. आता ही मर्यादा ६० वर आली आहे. जुना नकाशा वापरणाऱ्याने एवढ्यासाठी तरी तो अद्ययावत करून घ्यावा.

केरी काउंटीत एका संध्याकाळी मी यंत्राला ‘जवळचा मार्ग’ मागितला होता. चौथ्या वळणानंतर डांबर संपले, मग खडी संपली, आणि समोर निळ्या नायलॉन दोरीने बांधलेले फाटक आले. सामानाने भरलेली बाईक उतारावर, शेणाच्या चिखलात वळवणे किती जड जाते ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल. पलीकडच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवला, मागून बाईक धरली, आणि मग हात लांब करून खरा रस्ता दाखवला. त्या दिवसापासून आयर्लंडमध्ये ‘जवळचा मार्ग’ हा पर्याय मी वापरलेला नाही. तुम्हीही वापरू नका.

बाईकवाल्यांची गरज ओळखून कंपन्यांनी गेल्या वीस वर्षांत वेगळी गणिते आणली. टॉमटॉम रायडर आणि गार्मिन झूमो ही खास बाईकची यंत्रे. पाणी, धूळ, हातमोज्यातली बोटे सहन करणारी. दोघांतही वळणदार रस्ता मागण्याची सोय आहे. फोनवरची कॅलिमोटो आणि कुर्व्हिगर ही जर्मनीत जन्मलेली अॅप याच कामासाठी प्रसिद्ध आहेत. त्यामागची कल्पना समजून घ्यावी अशी आहे. ‘कर्व्हेचर’ नावाच्या एका मुक्त प्रकल्पात तर ती उघडच मांडली आहे. नकाशावरच्या रस्त्याचे लागोपाठ तीन बिंदू घ्यायचे, त्यांतून जाणारे वर्तुळ काढायचे आणि त्याची त्रिज्या पाहायची. त्रिज्या लहान तर वळण तीव्र, म्हणजे गुण जास्त. सरळ तुकड्याला शून्य. गुणांची बेरीज जिथे मोठी, तो रस्ता रायडरच्या मनाजोगता, असा हिशेब.

मध्य युरोपात हा हिशेब छान चालतो, कारण तिथल्या छोट्या रस्त्यांनाही बहुतेक वेळा दोन गाड्यांची रुंदी आणि नेटके डांबर असते. आयर्लंडमध्ये वळणे सर्वांत जास्त कुठे? शेतांच्या बांधांना वळसे घालत जाणाऱ्या पाणंदींना. त्यामुळे ‘अतिवळणदार’ मागितले की यंत्र रुंद, उघड्या डोंगरी रस्त्यावरून उतरवून दोन उंच कुंपणांमधल्या बोळात घालते. वळणे भरपूर, देखावा काहीच नाही. दोन्हीकडे फक्त काट्यांची भिंत. याउलट विक्लोच्या डोंगरातल्या आर ११५ वर कित्येक तुकडे बऱ्यापैकी सरळ आहेत. वर्तुळाच्या हिशेबात त्यांना थोडेच गुण मिळतील, पण दलदलीच्या तपकिरी माळावरून, ग्लेनमॅकनॅसच्या धबधब्याच्या माथ्याशी उतरणारा तो रस्ता या बेटावरच्या सर्वोत्तमांपैकी आहे. वळण आणि सौंदर्य एकच धरणे ही या साऱ्या अॅपची मूळ त्रुटी आहे, आणि आयर्लंडमध्ये ती चटकन उघडी पडते.

दुसरी त्रुटी रुंदीची. मुक्त नकाशात, म्हणजे २००४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, रुंदी नोंदवायची जागा आहे, पण बहुतेक ग्रामीण रस्त्यांपुढे ती रिकामी असते. वरच्या बहुतेक वळणदार अॅपचा पाया हाच नकाशा. रुंदी माहीत नाही, तर पाणंद आणि दुपदरी रस्ता यांत गणिताने फरक करायचा कसा?

मग फरक रायडरने करायचा, आणि त्यासाठी आयर्लंडने एक सोपी खूण दिलेली आहे : रस्त्याच्या क्रमांकाआधीचे अक्षर. एम म्हणजे द्रुतगती मार्ग, एन राष्ट्रीय, आर प्रादेशिक, एल स्थानिक. आपल्या भाषेत सांगायचे तर एन हा राष्ट्रीय महामार्ग, आर हा प्रमुख जिल्हा मार्ग आणि एल हा ग्रामीण मार्ग. प्रादेशिक रस्ते सुमारे १३ हजार किलोमीटर आहेत आणि बाईकवाल्याचा खरा खजिना त्यांतच आहे. दोन गाड्या जातील एवढी रुंदी, बरे डांबर, आणि ट्रकची गर्दी एनवर गेलेली. एलमध्येही प्रतवारी आहे. चार आकडी क्रमांक पाच हजारांच्या आतला असेल तर रस्ता बरा. पाच आकडी क्रमांक दिसला की पुढे बहुधा कुणाचे तरी अंगण आहे. फलकावर हा क्रमांक लिहिलेला असतो. ही एवढी ओळख झाली की यंत्राने सुचवलेल्या मार्गाचे आपण परीक्षण करू शकतो.

आर रस्त्यांची नावे एकेक उच्चारली की अंगावर वारा आल्यासारखे होते. डिंगल द्वीपकल्पातला आर ५६० म्हणजे कॉनर पास. दोन टनांवरच्या वाहनांना तिथे मनाई आहे, पण बाईकला मोकळीक. डोनेगलमधला आर २३० ग्लेनगेशच्या खिंडीतून नागमोडी उतरतो. आर ५७४ म्हणजे बेरा द्वीपकल्पाचा हीली पास, कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवरचा. मेयोतला आर ३३५ डूलॉखच्या काळ्या तळ्याकाठाने जातो.

हे रस्ते असे वळलेले, असे निर्जन का, हे मात्र कुठलेच यंत्र सांगत नाही. विक्लोचा तो आर ११५ मुळात लष्करी रस्ता. १७९८ च्या उठावानंतर डोंगरात दडलेल्या बंडखोरांना शोधण्यासाठी इंग्रज सैन्याने तो १८०० ते १८०९ या काळात बांधला. गाव जोडायचेच नव्हते, म्हणून तो गावांना टाळून माळावरून जातो, आणि आज आपल्याला त्याच कारणाने सुंदर वाटतो. हीली पासचे काम १८४७ च्या भयंकर दुष्काळात सुरू झाले. बटाटा कुजला होता आणि उपाशी माणसांना मजुरीच्या बदल्यात दगड फोडायला लावले जात होते. आपल्या दुष्काळी कामांची, रोजगार हमीच्या खडीची आठवण असलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. डूलॉखचा रस्ता तर त्याहून जड आहे. मार्च १८४९ च्या अखेरीला लुईसबर्गची शेकडो भुकेली माणसे मदतीसाठी तपासणी करून घ्यायला या वाटेने डेल्फीपर्यंत चालत गेली आणि रिकाम्या हाताने परत पाठवली गेली. परतीच्या वाटेवर, थंडी-पावसात, त्यांतली कितीतरी माणसे मेली. तिथल्या स्मारकाच्या दगडावर महात्मा गांधींचे वाक्य कोरलेले आहे. अॅपमध्ये या रस्त्याला ‘निसर्गरम्य’ अशी हिरवी रेघ असते. ती खोटी नाही, पण इथे बाईक थांबवून, हेल्मेट काढून तो दगड वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये.

उत्तरेला अँट्रिमचा किनारी रस्ता १८३० च्या दशकात विल्यम बॉल्ड या स्कॉटिश अभियंत्याने कड्याच्या पायथ्याशी काढला. केनमेअर ते ग्लेनगॅरिफ हा बोगद्यांचा रस्ताही त्याचाच. कॉनेमाराचे बरेचसे रस्ते आणि धक्के अलेक्झांडर निमो यांनी आखले. रायडर ज्या वळणावर खूश होतो ते कुणीतरी पायी फिरून, डोंगराचा उतार नजरेने जोखून ठरवलेले असते.

नकाशाचा इतिहासही इथे आपल्याला जवळचा आहे. १८२४ मध्ये टॉमस कॉल्बी यांच्या हाताखाली आयर्लंडची मोजणी सुरू झाली. उष्णतेने लांबी बदलू नये म्हणून त्यांनी दोन धातूंच्या जोडपट्ट्या बनवल्या आणि त्या पट्ट्यांनी लॉख फॉइलच्या काठी आधाररेषा मोजली. भारताची मोजणी करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन हे काम पाहिले आणि तशाच पट्ट्या भारतात आणून कलकत्त्याची आधाररेषा मोजली. आपल्या आणि त्यांच्या नकाशाला असे एकच हत्यार लागलेले आहे. १८४६ पर्यंत सगळे बेट एका मैलाला सहा इंच या प्रमाणात कागदावर आले, पाणंदींसकट. त्या मोजणी कार्यालयाचा वारसा मार्च २०२३ पासून ‘टाल्टे एरन’ या संस्थेकडे आहे, आणि तिथून निघालेली १:५०,००० ची डिस्कव्हरी नकाशामाला आजही रायडरने टँक बॅगेत ठेवावी अशी आहे. समोच्च रेषा दाट दिसल्या, रस्ता त्यांना कापत वर चढताना दिसला आणि बाजूला झाडांची हिरवी खूण नसली, की देखावा मिळणार हे कागदच सांगतो. ही वाचनाची सवय कोणत्याही वळणदार अॅपपेक्षा विश्वासाची आहे.

नावांचा घोळ वेगळा. त्या मोजणीत आयरिश नावे इंग्रजी कानाने लिहिली गेली, त्यामुळे एका गावाची दोन रूपे झाली. गेल्टॅख्त, म्हणजे आयरिशभाषक टापू, तिथे २००५ पासून फलक फक्त आयरिशमध्ये आहेत. डिंगलचे अधिकृत नाव तेव्हा ‘अन डँगन’ झाले. गावकऱ्यांनी २००६ मध्ये मतदान करून दोन्ही भाषांतले नाव मागितले आणि २०११ मध्ये कायद्याने ‘डिंगल’ परत आले. मधल्या काळात यंत्रात एक नाव आणि फलकावर दुसरे अशी स्थिती होती. इतर गावांत ती अजूनही आहे. त्यात एकाच नावाची गावेही पुष्कळ, आपल्या वडगाव-पिंपळगावांसारखी. बॅलिना मेयोतही आहे आणि टिपररीतही. जुलै २०१५ पर्यंत आयर्लंडमध्ये देशभराची पिनकोड पद्धतच नव्हती. मग सात अक्षरांचा ‘एअरकोड’ आला आणि तोही असा की प्रत्येक घराला स्वतंत्र. मुक्कामाच्या ठिकाणाचा एअरकोड लिहून ठेवा. गावाचे नाव टाकून निघालात तर भलत्याच काउंटीत संध्याकाळ होईल.

काही गोष्टी नकाशात असूनही यंत्राला समजत नाहीत. भरती-ओहोटी त्यांत पहिली. कॉनेमारात क्लॅडाडफसमोर ओमी बेट आहे. ओहोटीला वाळूवरून गाडी नेता येते आणि वाट दाखवणारे फलक चक्क वाळूत रोवलेले आहेत. स्लायगोजवळच्या कोनी बेटाची वाट चौदा दगडी खांब दाखवतात. भरतीत दोन्हीकडे समुद्र. बरेन आणि गॉलवेच्या चुनखडीत ‘टरलॉख’ नावाची तळी आहेत; हिवाळ्यात जमिनीतून पाणी वर येऊन तळे भरते, कधी रस्त्यावरही चढते, उन्हाळ्यात तिथेच गुरे चरतात. आपल्याकडे अकोले तालुक्यात जानेवारी २०२१ मध्ये नकाशावर विसंबून रात्री निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाचा जीव गेला. पाणी समोर असेल तर यंत्राचा शब्द प्रमाण मानायचा नाही, आयर्लंडमध्येही नाही.

होडीचे गणित मात्र उलटे. किलीमर ते टार्बर्ट ही शॅनन नदीच्या मुखावरची फेरी वीस मिनिटांत बाईकसकट पलीकडे नेते. यंत्रात ‘होडी टाळा’ हा पर्याय चालू राहिला असेल तर ते मुकाट्याने लिमरिकमार्गे सव्वाशेहून अधिक किलोमीटरचा वळसा घालते. निघण्याआधी तो पर्याय बंद करा. ‘कच्चे रस्ते टाळा’ मात्र चालू ठेवा. आयर्लंडमध्ये कुठेही फिरण्याचा सरसकट हक्क नाही, सरकारी वनरस्त्यांवर बाईकला परवानगी नाही, आणि नकाशावरची तुटक रेघ बहुधा कुणाच्या तरी मालकीची असते.

आता फाइलींविषयी. रायडर एकमेकांना जीपीएक्स फाइल पाठवतात. तिच्यात मार्ग दोन प्रकारे असू शकतो. एक ‘रूट’ : मोजक्या ठिकाणांची यादी, मधली वाट तुमचे यंत्र स्वतःच्या गणिताने भरते. दुसरा ‘ट्रॅक’ : प्रत्यक्ष गेलेल्या चाकांची ठिपक्या-ठिपक्यांची माळ, जी बदलत नाही. मित्राने हीली पासचा रूट पाठवला आणि तुमच्या यंत्रात ‘लवकरचा मार्ग’ लावलेला असेल तर तुम्ही खिंडीला बगल देऊन एन ७१ वरून जाल आणि मित्राला दोष द्याल. ट्रॅक मागा. रूटच मिळाला तर खिंडीच्या माथ्यावर एक ठिपका स्वतः टाका.

फोन की खास यंत्र, या वादात मी फार शिरत नाही. दोन गोष्टी पुरे. बाईकच्या इंजिनाची कंपने फोनच्या कॅमेऱ्याला अपाय करू शकतात असे अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केले आहे, तेव्हा कंपने शोषणारा माउंट हवा. आणि आयर्लंडचा पाऊस पडद्यावर बोटासारखा टिचक्या मारतो. मेयो-डोनेगलच्या दऱ्यांत नेटवर्क जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा.

किनाऱ्याने जायचे असेल तर यंत्राची गरजही फारशी नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘वाइल्ड अटलांटिक वे’ या सुमारे २,५०० किलोमीटरच्या मार्गावर निळ्या लाटेची खूण असलेले फलक शेवटपर्यंत सोबत करतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर कॅम्परव्हॅनची रांग लागते. अशा वेळी किनारा सोडून आत वळावे, आणि आत वळल्यावरच उपग्रहाचा खरा उपयोग सुरू होतो. सप्टेंबरपासून आणखी एक काळजी : १ मार्च ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीसाठी कुंपणे छाटायला बंदी असते, ती उठली की ट्रॅक्टर छाटणीला लागतात आणि पाणंदींवर काटे पसरतात. पंक्चरचे सामान जवळ हवेच. सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडमध्ये गेलात तर फलक मैलांत होतात. सीमेवर नाका नाही, फलकाचा रंग आणि आकडा बदलतो तेवढीच खूण.

माझा निष्कर्ष असा. आयर्लंडमध्ये वाट निवडण्याचे काम यंत्राकडे देऊ नये. आदल्या रात्री कागदावर आर रस्ते जोडून दिवसभराचा मार्ग स्वतः आखावा, त्यात दोन-तीन पाणंदी डोळसपणे घालाव्यात, आणि तो ट्रॅक म्हणून यंत्रात भरावा. मग उपग्रहाचे काम एकच उरते : आपण आखलेल्या रेघेवर आहोत की नाही ते सांगणे. हे काम तो उत्तम करतो. वळणदार अॅप सूचनांसाठी जरूर उघडावे. मला स्वतःला त्यांतून ठाऊक नसलेले काही रस्ते सापडले आहेत.

आणि एक विनंती. आयर्लंडच्या ओपनस्ट्रीटमॅप स्वयंसेवकांनी बेटावरच्या सुमारे ६१ हजार टाउनलँडच्या, म्हणजे आपल्या वाड्यांसारख्या जमिनीच्या घटकांच्या, सीमा त्या मुक्त नकाशावर हौसेने आखल्या आहेत. रस्त्यांची रुंदी मात्र अजून भरायची आहे. मुक्कामी पोहोचलात की खाते उघडा आणि ज्या पाणंदीतून आलात तिथे किती जागा होती, मधे गवत होते का, फाटक होते का, तेवढे नोंदवा.